साहेबांच्या कॅसेटवरची बाई

आधीच सांगते, भुताखेतांच्या गोष्टी ऐकून घाबरणारी बाई मी नाही. आमच्या वसईत दर चिंचेवर कोणी ना कोणी बसलेलं असतं म्हणतात, आणि मी लहानपणी त्याच झाडांखाली भरदुपारी चिंचा वेचल्या आहेत. काही दिसलं नाही. तेव्हा हे वाचून कोणी मला देवऋषीचा पत्ता देऊ नये, ही विनंती!

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बहारीनला नईम भागात एका छोट्या ऑफिसात मी टायपिस्ट होते. मिस्टर हॉटेलात शिफ्टला. तिथेच हूरा भागात आमच्या दोन खोल्या, आणि सहा वर्षांची आमची शॅरन. तिला दमा. अटॅक आला की बिचारीच्या तोंडून हाक निघायची नाही, म्हणून मी तिला शिकवलं होतं... चमचा घ्यायचा आणि स्टीलच्या ग्लासवर वाजवायचा. दोनदा भरभर, मग थांबून एकदा. मी कामावर असताना ती शेजारच्या सावंतवहिनींकडे असायची.

आमच्या ऑफिसात एक म्हातारे अमेरिकन साहेब यायचे. तरुणपणी ते तिकडच्या एका राष्ट्राध्यक्षांच्या ऑफिसात कारकून होते, मग तेलाच्या नोकरीत बहारीनला आले आणि इथलेच झाले. ते राष्ट्राध्यक्ष केव्हाच वारले होते. पण त्यांचं आयुष्य आणि तो सगळा काळ जपून ठेवणारं एक अभिलेखागार होतं — पत्रं, फोटो, ओळखीच्या माणसांच्या आठवणी. त्या अभिलेखागारासाठी साहेब घरी एकटे बसून कॅसेटवर बोलायचे. मी हेडफोन लावून, पायाने मशीनचं पेडल दाबत ते टाईप करायचे. नियम एकच, कानावर पडेल ते सगळं कागदावर आलं पाहिजे. साहेब खोकले की कंसात खोकला. घड्याळाचे टोले पडले की तेही.

त्या दिवशी जेवणानंतर मी नवी कॅसेट लावली. राष्ट्राध्यक्षांच्या शेवटच्या आजारपणाबद्दल साहेब बोलत होते. मागे बारीक आवाज आला. सवयीने मी टाईप केलं : (ग्लासवर चमचा). परत आला, परत टाईप केलं. म्हटलं, चहा ढवळत असतील! तिसऱ्यांदा मात्र बोटं थांबली. दोनदा भरभर... मग एकदा. आणि त्याच्या मागे ती शिट्टीसारखी घरघर. पोटच्या पोरीचा श्वास आईला कळणार नाही का?

हेडफोन तसाच फेकून मी बाहेर पळाले. आमचे चिपळूणचे ड्रायव्हर सदाभाऊ गाडी पुसत होते.

"सदाभाऊ, घरी चला! आत्ताच्या आत्ता!"

"अहो पण झालं काय, ताई?"

"विचारू नका हो... यल्ला, चला लवकर!"

वहिनींचं दार नुसतं लोटलेलं होतं. शॅरन झोपली म्हणून त्या गच्चीवर कपडे वाळत घालायला गेल्या होत्या. आत शॅरन पलंगावर बसलेली, ओठ निळे, हातात चमचा. ग्लासवर मारत होती, पण हातात जोर राहिला नव्हता. सदाभाऊंनी तिला उचललं आणि आम्ही हॉस्पिटल गाठलं. डॉक्टर म्हणाले, "थोडा उशीर झाला असता तर हातात काही नव्हतं."

"आत्ता तर गाढ झोपली होती गो!" मागोमाग हॉस्पिटलात आलेल्या वहिनी रडत राहिल्या. "तुला कोणी कळवलं?"

काय सांगणार? कॅसेटने कळवलं म्हणून?

शॅरन घरी आल्यावर मी ऑफिसला गेले. साहेबांना विचारलं, "कॅसेटवर बोलताना तुमच्याबरोबर कोण होतं?"

"कोणी नाही. मी एकटाच राहतो."

मग आम्ही दोघांनी ती कॅसेट पुढे ऐकली. साहेबांचं बोलणं शांतपणे चाललेलं, आणि मागे चमचा मंद होत गेला. मग थांबला. घरघरही थांबली. बराच वेळ काही नाही... मग दार उघडल्याचा आवाज, आणि एका बाईचा टाहो — "बाय, डोळे उघड गो! मी आले, बघ ना गो..."

तो आवाज माझा होता.

साहेबांनी मशीन थांबवलं. "ही कुठली भाषा?"

"मराठी."

"काय म्हणतेय ती?"

मी हात जोडले, "साहेब, पुसून टाका ते." त्यांचे डोळे भरले होते, पण मान नकारार्थी हलली. "ही नोंद आहे, बाई. त्यातलं काही पुसायचा मला अधिकार नाही." मी त्या टाहोतले शब्द टाईप केले नाहीत. कंसात एवढंच लिहिलं : (बाई रडते आहे). कॅसेट अमेरिकेला गेली.

चर्चमधल्या फादरना विचारलं, डॉक्टरांना विचारलं. मग विचारणंच सोडून दिलं. शॅरन आज दोन मुलांची आई आहे. मी मराठीत ओरडते, ती इंग्लिशमध्ये हसते. पण तिचा फोन यायला जरा उशीर झाला की माझ्या काळजाचं पाणी होतं. तिकडे अमेरिकेत कुठल्याशा कपाटात, त्या कॅसेटवर, माझी मुलगी गेलेली आहे आणि मी तिला अजून उठवते आहे.