वाटेत असलेलं स्तोत्र

माझे वडील शिंपी. शिरूरच्या आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत दर रविवारी शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायचे तेही तेच. सगळा बाजार त्यांना आबा म्हणायचा, म्हणून मीही आबाच म्हणते. पाळकसाहेबांकडं आणखी चार गावं होती, ते महिन्यातून एकदा प्रभुभोजनापुरते यायचे. बाकीचे रविवार आबांचे. पत्र्याचं छप्पर, शहाबादी फरशी, एका बाजूला बायकांची सतरंजी आणि दुसऱ्या बाजूला पुरुषांची. आम्ही चर्चला देऊळच म्हणतो. जुन्या ख्रिस्ती घरांत हा शब्द अजून टिकून आहे.

आबांचा एक नेम होता. एका रविवारी एक अध्याय, पहिल्या पानापासून ओळीनं. गाळायचं काही नाही, पुढचं आधी घ्यायचं नाही. नाताळची उपासना वेगळी, पण रविवार आला की ओळ तीच. मी पाटीवर अक्षरं गिरवत होते तेव्हा त्यांनी सुरुवात केली आणि शेवटच्या पानावर पोचले तेव्हा माझी मुलगी बालवाडीत जायला लागली होती. आता काहीतरी सोहळा करतील असं आम्हाला वाटलं. पुढच्या रविवारी त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा पहिलं पान काढलं.

या नेमाच्या गमतीही व्हायच्या. एकदा नवं जोडपं आशीर्वादासाठी पुढं येऊन बसलं आणि त्या दिवशीचा अध्याय निघाला अंगावरच्या चट्ट्यांचा आणि कपड्याला लागलेल्या बुरशीचा. नवरी पदर तोंडाला लावून हसायला लागली. आबांनी बुरशीचा शब्द न् शब्द वाचला आणि मग तितक्याच गांभीर्यानं दोघांच्या डोक्यावर हात ठेवला. कुणी म्हणालं की आबा, प्रसंग बघून वाचावं की, तर त्यांचं उत्तर ठरलेलं. "मधला टाका गाळला की पुढची शिवण उसवती. आपल्याला आवडंल तेच वाचायचं म्हंजी मग देवाचं कुठं ऐकलं? आपलंच ऐकलं."

हे मला पटायचंसुद्धा. भाऊ जाईपर्यंत पटायचं.

भाऊ माझ्याहून बराच लहान. रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला होता. मे महिन्यात त्याचं लग्न ठरलं होतं आणि सूट आबा स्वतः शिवत होते. निळा, गडद. बाह्या लावायच्या राहिल्या होत्या आणि काजं-बटणं राहिली होती. नगर रोडवर कंपनीतून येताना एका ट्रकनं त्याची मोटरसायकल उडवली. मी दौंडहून पोचले तेव्हा पोस्टमॉर्टेम व्हायचं होतं आणि घर माणसांनी भरलं होतं. आबा दुकानात मशीनवर बसले होते. बाही लावत होते. शेजारचे चाचा, ज्यांचं आयुष्य आबांच्या दुकानाला लागून असलेल्या बांगड्यांच्या दुकानात गेलं, ते रडत म्हणाले, "आबा, अब काहे को? राहू द्या." आबांचा पाय मशीनवरून हलला नाही. भावाला घरी आणायच्या आत सूट तयार झाला आणि त्याच सुटात आम्ही त्याला माती दिली. बाह्या अगदी नीट बसल्या होत्या. ते बघून आई जी ओरडली ते मला अजून ऐकू येतं.

तिसऱ्या दिवशी रविवार होता. देऊळ कधी नव्हे इतकं भरलं होतं. आबा उभे राहिले, पुस्तक उघडलं, आणि बायकांच्या सतरंजीवरून आई बोलली. आमच्याकडं उपासना चालू असताना असं मधे कुणी बोलत नाही.

"आज मेंढपाळाचं वाचा," ती म्हणाली. "लेकरासाठी."

तेविसावं स्तोत्र. ख्रिस्ती घरातलं मूल बोलायला लागलं की आधी तेच पाठ करतं. माझ्या भावानं बोबड्या बोलात ते म्हटलं होतं आणि आईनं त्याला गूळ-शेंगदाणे दिले होते. मागून मागून तिनं काय मागितलं होतं? सहा ओळी.

आबांनी उघडलेल्या पानावर बोट ठेवलं. मग हळू म्हणाले, "येईल ते. वाटंत हाय." आणि त्यांनी त्या दिवशीचा अध्याय वाचला.

वंशावळ होती. नुसती नावं. याला तो झाला, त्याला हा झाला. पानभर झाला, झाला, झाला. आणि आमचा गेला होता. आईनं मान खाली घातली ती उपासना संपेपर्यंत वर केली नाही. मी मधेच उठून बाहेर आले आणि देवळाच्या पायरीवर बसून रडले. शोकापेक्षा संतापानंच जास्त. मी तापट आहे. आमच्या घरात हे कुणाकडून आलं कुणास ठाऊक. पण त्या दिवसाबद्दल मला आजही वाटतं की मी रागावले ते बरोबरच होतं. त्या रविवारी आबांनी स्तोत्र वाचायला हवं होतं. देव काही पानं मोजत बसला नव्हता.

मी दौंडला परत आले. नवरा रेल्वेत, आमचं क्वार्टर कॉलनीत. आईशी रोज फोनवर बोलायचे, आबांशी कामापुरतं. जेवला का, औषध घेतलं का, ठेवते. मधूनमधून रविवारी शिरूरला जायचे तेव्हा देवळात माणसं कमी कमी होत गेलेली दिसायची. हायवेलगतच्या एका मंगल कार्यालयात नवी सभा भरायला लागली होती. तिथं कीबोर्ड, ड्रम, मोठा स्पीकर, आणि दर आठवड्याला प्रार्थनेनं कुणी ना कुणी बरं होत होतं. तरुण पोरं तिकडं गेली. त्यांना नावं ठेवत नाही मी, मीसुद्धा त्यांच्या वयात गेलेच असते. कुणी आबांना म्हणालं की असं ओळीनं वाचत बसाल तर देवळात चिमण्या तेवढ्या उरतील. आबा म्हणाले, "ज्वारी वाढली का म्हणून कुणी उपटून बघतं व्हय?" मला त्यांची मानगूट धरून हलवावंसं वाटलं. चिमण्या खरंच होत्या, पत्र्याखाली घरटं करून.

आई मात्र एक रविवार चुकली नाही. पहिलं वर्षभर ती गायची नाही. नुसती बसायची. वाचनात राजे आले, राजे गेले, देवळं बांधली, देवळं पडली. मग ज्या सज्जन माणसाची सगळी लेकरं एका दिवसात मेली, त्याचं पुस्तक लागलं. अध्यायामागून अध्याय, जवळजवळ वर्षभर ते चाललं. एके दिवशी आईचा फोन आला आणि तिच्या आवाजात पूर्वीची आई होती.

"त्याचे दोस्त पयले सात दिवस गप बसले, तवर शाणे व्हते," ती म्हणाली. "तोंड उघडलं आन् वाटुळं केलं. माझ्याकडं बी अशाच आल्या व्हत्या बघ, देवाची इच्छा, देवाची इच्छा. आन् तो बाबा देवाला कसा भांडतो गं! माझ्या तोंडातलं काढून घेतलं त्यानं."

मी म्हटलं, "आणि मेंढपाळाचं?"

"यील की," ती म्हणाली. "वाटंत हाय."

आबांचेच शब्द तिच्या तोंडून ऐकून मला आणखीच राग आला.

स्तोत्रं लागली त्या सुमाराला तिच्या पोटात पाणी व्हायला लागलं. मी तिला दौंडला आणलं आणि दवाखान्यात दाखल केलं. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. शनिवारी दुपारी आबा एसटीनं आले, खांद्याला स्वतः शिवलेली पिशवी आणि त्यात पुस्तक. स्टुलावर बसले. आईचा हात धरला. त्यांनी तिचा हात धरलेला मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. मग पुस्तक काढून म्हणाले, "ऐक. मेंढपाळाचं वाचतो."

तीन वर्षं मी याचीच वाट बघत होते.

आईनं डोळे उघडले. "उद्याला कुठलं हाय?"

"उद्याचं ऱ्हाऊ दे."

"कुठलं हाय?"

"एकोणिसावं."

"मग तेच वाचा," ती म्हणाली. "आता कशाला मधले टाके गाळता."

आबांनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर विनवणी होती, मी काही बोलावं म्हणून. मी म्हटलं, "आई, ऐक ना, ते वाचू दे." तिनं मान हलवली. हट्टी होती, म्हणजे तापटपणा नसला तरी हट्ट मला तिच्याकडूनच आला. आबांनी एकोणिसावं काढलं. आकाशाचं, दिवसाचं, रात्रीचं स्तोत्र ते. त्यात सूर्य सकाळी नवरदेवासारखा आपल्या मांडवातून बाहेर येतो असं आहे. तिथं आईनं हात वर केला.

"परत वाचा."

त्यांनी परत वाचलं. नवरदेव मांडवातून बाहेर येतो. आईच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानापर्यंत गेलं. ती म्हणाली, "बाह्या किती चांगल्या बसल्या व्हत्या." आबांनी पुस्तक मिटलं आणि तोंडावर धरलं. स्टेशनवरच्या अनाउन्समेंटचा आवाज खिडकीतून येत होता, कुठली तरी गाडी उशिरा धावत असल्याची.

त्याच आठवड्यात आई गेली. तिला आम्ही शिरूरला भावाशेजारी ठेवलं.

मग विसावं झालं, एकविसावं झालं, बाविसावं झालं. तेविसाव्याच्या रविवारी मी सकाळची पहिली एसटी पकडून गेले. बायकांच्या सतरंजीवर आईच्या जागी कुणी बसलं नव्हतं. आबांनी स्तोत्र वाचलं. बाकीची वाचली तसंच वाचलं, आवाज कापला नाही, डोळे भरले नाहीत. मला वाटलं होतं ते काहीतरी बोलतील, तिची आठवण काढतील, निदान थांबतील तरी. त्यांनी गीताचा क्रमांक सांगितला आणि टाळ उचलले. मला त्या दिवशी त्यांचा आला तेवढा राग वंशावळीच्या रविवारीही आला नव्हता.

आता त्याला तीन वर्षं झाली. साखरेच्या आजारानं आबांची नजर गेली. दुकान बंद झालं. मंडळीत वाचणारे दुसरे होते, पण एका रविवारी आबांनी पुस्तक चाचपत माझ्याच हातात दिलं. का ते सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. राग धरून माणूस पुस्तक नाकारू शकतो, पण दिसत नसलेल्या बापाचा पुढं आलेला हात कसा नाकारणार? तेव्हापासून दर रविवारी मी दौंडहून जाते आणि ओळीनं वाचते. देवळात झारखंडकडची चार घरं यायला लागली आहेत, माणसं कंपन्यांमधे कंत्राटावर आहेत. मराठी अर्धीमुर्धी समजते, गातात मात्र पत्रा उडेल असं. मंगल कार्यालयाकडं गेलेल्यांतली दोन पोरं लग्न होऊन, बायका घेऊन परत आली. आबा कुणालाही 'बघा, सांगत नव्हतो' असं म्हणाले नाहीत. कोण आलं, कोण नाही, ते आवाजावरून ओळखतात.

गेल्या महिन्यात त्या झारखंडच्या घरांतल्या एका बाईचं तान्हं बाळ न्यूमोनियानं गेलं. शुक्रवारी त्याला माती दिली. रविवारी ती आली, आईच्या जागेवर बसली. तिला काय माहीत ती कुणाची जागा. मी पुस्तक उघडलं. नीतिसूत्रांतला आळशी माणसाचा अध्याय होता, ज्याच्या शेतात काटे माजलेत. मी वाचायला तोंड उघडणार तोच ती बोलली.

"दीदी, आज चरवाहे वाला पढ़ दीजिए न. बच्चे के लिए."

आबा पुढच्या खुर्चीवर बसले होते, मान किंचित तिरकी करून. मी विचार केला नाही. मी पानं मागं उलटली आणि मेंढपाळाचं स्तोत्र वाचलं. माझा आवाज आबांसारखा नाही, पहिल्याच ओळीला फुटला. ती बाई पाठ असल्यासारखी माझ्या मागोमाग तिच्या भाषेत म्हणत होती. ते संपल्यावर मी आळशी माणसाचा अध्यायही पूर्ण वाचला.

उपासना संपली. मी आबांचा हात माझ्या खांद्यावर घेतला आणि आम्ही घराकडं निघालो. मी बोलणी खायच्या तयारीनं चालत होते, उत्तरंही जुळवून ठेवली होती. त्यांच्या बंद दुकानापाशी आल्यावर ते थांबले. दिसत नसताना त्यांना ती जागा कशी कळते, देव जाणे.

"बरं केलंस," ते म्हणाले.

त्यांनी चाचपत शटरवर हात ठेवला.

"तुझ्या आईनं मागितलं तवा म्या दिलं न्हाई," आबा म्हणाले. "आन् म्या द्याया गेलो, तवा तिनं घेतलं न्हाई."

आणि भर बाजारात, शटरला हात टेकून, ते लहान मुलासारखे रडायला लागले.