काळोखातला अर्धा तास

मुकुंदरावांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही, फोन मागितला. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत त्यांचा छोटा कारखाना आहे. प्रशिक्षणाच्या लहान विमानांत वैमानिकासमोर काटे-तबकड्यांची पाटी असते. तिच्यावरचा उजेड कमी-जास्त करणारे डिमर तिथे तयार होतात. मी इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेऊन नोकरी मागायला गेले होते. त्यांनी माझा फोन शर्टाच्या खिशात टाकला, मला काळे पडदे लावलेल्या खोलीत स्टुलावर बसवलं आणि अर्ध्या तासानं बाहेरून विचारलं, "काय दिसतं गे?" मी म्हटलं, "आधी काही नव्हतं दिसत. आता स्टुलाचे पाय दिसतात." "मग उद्यापासून ये," ते म्हणाले.

मुकुंदरावांना कारखान्यात सगळे मामा म्हणतात. यंदा मामांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत, आणि या गौरवग्रंथात त्यांच्याविषयी मराठीत लिहायचा मान मला मिळाला, यात त्यांचाच हात आहे. आमच्या घरी मराठी बोलतात, पण वाचता कुणालाच येत नव्हतं. मामांनी सुट्या भागांच्या खणांवर मुद्दाम देवनागरी चिठ्ठ्या लावल्या आणि इंग्रजी चिठ्ठ्या काढून टाकल्या. चार दिवस माझा नुसता संताप झाला. मला वाचता आलेला पहिला मराठी शब्द 'रेझिस्टर' हा आहे, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

डिमरचं सर्किट तसं अवघड नाही. ट्रान्झिस्टर दिव्याला सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतो. चालू राहण्याचा वेळ घटवला की उजेड उतरतो. कस लागतो तो अगदी तळाशी. रात्रीच्या उड्डाणात उजेड एवढाच हवा, की काटा वाचता यावा पण समोरच्या काचेत त्याचं प्रतिबिंब पडू नये. प्रतिबिंब पडलं की बाहेरचं दिसत नाही. मीटर हद्द सांगतो. त्या हद्दीत नेमकं कुठे थांबायचं, ते मामा डोळ्यांनी ठरवत. त्यासाठी काळ्या खोलीत तशीच पाटी आणि तिच्यासमोर वाकवलेली काच बसवली आहे. उन्हातून आलेल्या डोळ्यांना ते पुसट प्रतिबिंब दिसतच नाही, म्हणून आधी अर्धा तास नुसतं बसायचं. "गाभाऱ्यात गेल्याबरोबर देव दिसतो कां? डोळं बसूं दे. पोरुमै पाहिजे," असं ते सांगत. धीराला त्यांच्याकडे हा एकच तमिळ शब्द होता आणि तो दिवसातून दहा वेळा ऐकावा लागे.

तोच धीर माझ्याकडून सुटला. बारा डिमरांची मागणी आली होती. विमानाचं काम आम्हाला पुढे मिळत राहणार की नाही, हे त्या बारांवर ठरायचं होतं. मामा दोन दिवस तिरुवैयारूला नात्यातल्या लग्नाला गेले आणि तळाचा उजेड लावायचं काम माझ्यावर सोपवून गेले. तोवर त्यांनी माझा फोन मागणं सोडलं होतं. काळ्या खोलीत मला कंटाळा आला आणि मी फोन उघडला. मग काच पाहिली, प्रतिबिंब दिसलं नाही, बाराही डिमर लावले आणि उजेड ठरवणारे स्क्रू हलू नयेत म्हणून त्यांच्यावर लाल रंगाची मोहोर लावली.

मामा परतले आणि त्यातला एक घेऊन खोलीत गेले. पाऊण तासानं बाहेर आले.

"काच पाहिलीस कां?"

"पाहिली."

"फोन पाहिलीस कां?"

"नाही," मी म्हणाले.

"सरि," म्हणजे 'बरं', एवढंच म्हणून त्यांनी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि लाल रंग खरवडायला लागले. मीटरप्रमाणे बाराही डिमर हद्दीत होते; काचेत मात्र पुसट प्रतिबिंब पडत होतं. मागणी देणाऱ्या कंपनीचे साहेब फोनवर म्हणाले, रिपोर्ट ठीक आहे, पाठवून द्या. मामांनी ऐकलं नाही. "मीटर विमानात बसत नाहीं, साहेब. तिकडे पोरं बसतात," ते म्हणाले आणि पुन्हा खोलीत शिरले. त्यांच्या डोळ्यांत तेव्हाच मोतीबिंदू सुरू झाला होता. तिसऱ्या डिमरला ते बाहेर आले तेव्हा डोळ्यांतून पाणी गळत होतं. ते तसेच परत आत गेले. मला ते बघवेना. मी पडद्याबाहेर उभी राहून म्हटलं, "मामा, मी फोन बघितला होता."

आतून स्क्रूड्रायव्हर खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "कळलं होतं. फोनला बसलेला डोळाच येवढा उजेड ठेवतो. आंत ये, पडदा नीट ओढ."

उरलेले डिमर आम्ही दोघांनी मिळून लावले. कंपनीला पाठवलेल्या पत्रात मामांनी 'माझ्या देखरेखीत चूक झाली' असं लिहिलं आणि खाली स्वतःची सही केली. माझं नाव कुठेच नव्हतं. माल उशिरा गेला आणि पुढची मागणी यायला वर्ष लागलं. त्या वर्षात मामांनी देवळांचे, शाळांचे ध्वनिवर्धक दुरुस्तीला घेतले, पण कारखान्यातल्या एकालाही घरी बसवलं नाही आणि मला त्यावरून एक शब्द ऐकवला नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, असं मला अनेकदा वाटलं.

आता मामांच्या दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे. दिवसा त्यांना स्वच्छ दिसतं, काळोखातलं मात्र पूर्वीसारखं दिसत नाही. गेल्या महिन्यात नवा डिमर तयार झाला तेव्हा ते स्वतःच म्हणाले, "आतां तळ तूंच ठरव." मी आपण होऊन फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो खिशात टाकला आणि दाराबाहेर खुर्ची घेऊन बसले. मध्येच फोन वाजला. "ती काळोखांत अहे, अर्ध्या तासानं कर," असं सांगून त्यांनी माझ्या नवऱ्याला वाटेला लावलं. मग वेळ झाल्यावर त्यांचा आवाज आला, "काय दिसतं गे?"

"काटा दिसतो, मामा. काच रिकामी अहे."

"बघ परत."

मी परत पाहिलं. काच रिकामीच होती.

"मग लाव मोहोर," ते म्हणाले.

मामांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, अशी आम्हा सर्वांची मनापासून प्रार्थना आहे. माझ्या प्रार्थनेत थोडा स्वार्थही आहे. त्या दाराबाहेरची खुर्ची मला रिकामी बघायची नाही, आणि काळ्या खोलीत शिरताना माझा फोन पुढची पुष्कळ वर्षं मामांच्याच खिशात असायला हवा.