लाल फितीचं झाड

"गेला थो."

साहेबांनी मारलेला चेंडू अजून हवेतच असायचा. तोवर ही बाई खांद्यावरची बॅग खाली टेकवून, कमरेवर हात ठेवून निकाल देऊन मोकळी व्हायची. बहुतेक वेळा चेंडू खरंच झुडपात जायचा. कधीकधी मात्र तो भलतीकडे वळून नीट मैदानात पडायचा. मग ती तितक्याच शांतपणे म्हणायची, "आला परत." जणू दोन्ही वेळा तिचंच बरोबर होतं.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ती चुकत नाहीत असं नाही, पण चुकल्याचं ओझं घेत नाहीत. मी याच्या अगदी उलट. चूक व्हायच्या आधीच मला घाम फुटतो.

चंद्रपूरकडे आमच्या कारखान्याची वसाहत आहे. तिला लागून छोटंसं गोल्फचं मैदान आणि कुंपणापलीकडे जंगल. तिथल्या क्लबात मी नोकरीला लागलो. काम कारकुनाचं, हुद्दा मात्र 'स्पर्धा समन्वयक'. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर, त्यामुळे हा शब्द मी पहिलं वर्षभर नव्या शर्टासारखा मिरवला. अहेरीजवळ आमच्या गावच्या तळ्यात मासे धरणाऱ्या बाबांनी फोनवर विचारलं, "पण तू तिथी नेमकं करतं काय?" मी नियोजन, वेळापत्रक असं बरंच सांगितलं. सगळं ऐकून ते म्हणाले, "आन् चेंडू हरपला का कोण शोधते?" मी विषय बदलला. कारण बऱ्याचदा तो मीच शोधायचो.

ही बाई जंगलाकडेच्या गावातली. खेळणाऱ्यांच्या बॅगा वाहायला गावातल्या सात-आठ बायका यायच्या, त्यांची ही पुढारी. तिला गोल्फ कळायचा का, हे मला शेवटपर्यंत समजलं नाही. एकदा मी नियमांचं पुस्तक मराठीत समजावून सांगायला बसलो. अर्ध्या तासानं ती म्हणाली, "बाबू, एवढ्याशा भोकात टाकाचं हाय, तं इतक्या दुरून काऊन मारते हे लोकं?" पदवीला मी दुसऱ्या श्रेणीत पास झालो आहे, पण या प्रश्नाचं उत्तर मला आजही येत नाही.

मैदानाच्या सहाव्या होलपाशी मोहाचं एक जुनं झाड आहे. वसाहत होण्याआधीपासून त्याची फुलं तिच्या घरचेच वेचत आलेले. गावात प्रत्येक घराची झाडं ठरलेली असतात. दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कोणी उचलत नाही. नवं कोणी झाड धरलं, तर खोडाला चिंधी नाहीतर गवताची दोरी बांधायची, की ते झाड त्या हंगामापुरतं त्याचं झालं. एकदा बांधलेली खूण हंगाम संपेपर्यंत सोडायची नाही. वेचलेली फुलं ती वाळवून बाजारात विकायची. पावसाळ्यात बॅगांचं काम बंद असे, तेव्हा तिच्या घरचं तेल-मीठ त्या झाडातून येई. हे सगळं मला नंतर कळलं. आधी कळलं असतं, तर हे लिहायची वेळच आली नसती.

आमच्याकडे व्यावसायिक खेळाडूंची एक स्पर्धा व्हायची, थंडीत, डिसेंबरात. एका वर्षी जगातल्या मोठमोठ्या गोल्फ स्पर्धांच्या तारखा मागेपुढे झाल्या. कोळशाची मालगाडी निघताना इंजिनाचा हिसका जसा शेवटच्या डब्यापर्यंत येतो, तसं झालं. तिकडच्या स्पर्धा हलल्या, म्हणून आपल्या देशातला हंगाम हलला, आणि शेवटचा डबा म्हणजे आमची स्पर्धा मार्चमध्ये येऊन आदळली. मला तर आनंदच झाला. सातासमुद्रापलीकडच्या घडामोडीचा परिणाम माझ्या टेबलापर्यंत येतो, म्हणजे मी केवढ्या मोठ्या यंत्रणेचा भाग! चार जणांना मी हे मुद्दाम चहाला बोलावून सांगितलं.

मार्चमध्ये मोह फुलतो, हे माझ्यासारख्या अहेरीकडच्या पोराला कोणी सांगायला नको होतं. पण टेबलावर बसलं की मला कॅलेंडर दिसतं, झाड दिसत नाही.

क्लबच्या साहेबांना मात्र दिसलं. ते पुण्याचे, शिस्तीचे. म्हणाले, "त्या फुलांच्या सड्यात चेंडू सापडणार नाही. फुलं कधी संपतात, विचारून या."

मी बाईला विचारलं. तिनं झाडाकडे न बघताच सांगितलं, "होळी झाली का सरलंच समज."

मी सगळीकडे फोन केले, माफ्या मागितल्या आणि स्पर्धा होळीनंतरच्या आठवड्यात नेली. होळी झाली आणि झाड असं काही बहरलं, की सहाव्या होलची सगळी हिरवळ पिवळट पांढरी झाली.

"बाई, तुम्ही तर म्हणाल्या होत्या, सरते म्हणून!"

"मंग? मोहा काय मले विचारून फुलते?"

"आता मी साहेबांना काय सांगू?"

"सांग का झाड आयकत नाई."

तारीख पुन्हा हलवणं शक्य नव्हतं. साहेब म्हणाले, "स्पर्धा संपेपर्यंत त्या झाडाखाली कोणी यायचं नाही. फुलं आपला माळी झाडून टाकेल. खोडाला काहीतरी बांधा, म्हणजे लोकांना समजेल." उद्घाटनासाठी आणलेली लाल रेशमी फीत माझ्याकडे होती. स्पर्धेच्या आदल्या दिवशी मी ती खोडाला गुंडाळली आणि वर चांगली फुलाची गाठ मारली. गाठ मला फार सुंदर जमली होती.

संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला समजलं होतं, की क्लबातल्या बाबूनं बाईचं झाड धरलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी इस्त्रीची पँट आणि नवे पांढरे बूट घालून पोचलो. सहाव्या होलवर घोट्याइतका फुलांचा थर. माळी त्याच गावचा. तो हातातला झाडू पाठीमागे लपवून उभा. म्हणाला, "दुसऱ्याच्या फुलाले आपण हात नाई लावत, साहेब." बांधावर बाई बसली होती, मांडीवर रिकामी टोपली. मागे बाकीच्या बायका. एकही बॅग कोणी उचललेली नव्हती.

"बाई, काय झालं?"

"काई नाई. तुह्यं झाड हाय. येच फुलं."

"माझं कसं?"

"खूण कोनं बांधली? एवढी मोठी कालेज करून आला, आन् म्हातारीचं झाड पायजे तुले? पावसाळ्यात मी काय हे गोल्फ खाऊ?"

ती हसत नव्हती. तिला इतकं गंभीर मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मी घाईघाईनं फीत सोडायला गेलो, तर बायकांमधून एकच ओरड उठली. बांधलेली खूण सोडायची नसते. दुसऱ्याची नाही आणि स्वतःचीही नाही. म्हणजे आता फुलं वेचायचा हक्क जगात फक्त एका माणसाला होता, आणि त्याला वेचता येत नव्हतं.

मी बाईच्या हातातली टोपली मागून घेतली आणि वाकलो. पलीकडे देशभरातून आलेले व्यावसायिक खेळाडू काठ्या घेऊन उभे. साहेब घड्याळ बघत होते. स्पर्धा समन्वयक गुडघ्यांवर रांगत फुलं वेचत होता. एकजण मोबाइलवर माझं चित्रीकरण करत होता. तो आमचाच लेखापाल, हे कळून तर फारच वाईट वाटलं. बूट चिकट झाले, पँटच्या गुडघ्यांवर डाग पडले, आणि वरून फुलं पडतच होती. मी वेचलेल्या जागी पुन्हा सडा. मधेच माझ्या पाठीवर एक फूल टपकन पडलं.

तेवढ्यात बांधावरून हसू फुटलं. आधी एकटी बाई, मग सगळ्याजणी. ती पदर खोचत उठली.

"असा नाई, बाबू. तू तं फुलं चेंदून राह्यला. सरक."

"पण खूण..."

"राहू दे. बांधली तं बांधली. मी तुह्या वाट्यात येचतो. अर्धं तुह्यं, अर्धं माह्यं."

बायका उतरल्या आणि बघता बघता हिरवळ पुन्हा हिरवी झाली. पहिला चेंडू उडाला तेव्हा चंद्रपूरचं ऊन डोक्यावर आलं होतं. खेळाडूंनी त्या दिवशी गोल्फपेक्षा पाणीच जास्त घेतलं. साहेबांनी मला खोलीत बोलावून जे ऐकवलं, ते सगळं खरं होतं. नोकरी राहिली, ती बहुधा माझ्या जागी बूट खराब करून घ्यायला दुसरं कोणी तयार नव्हतं म्हणून.

माझा अर्धा वाटा मी तिला परत द्यायला गेलो. तिनं घेतला, पण दुसऱ्या वर्षी शिशिर संपताच क्लबाच्या दारात हजर. "फीत आण. बांध." तेव्हापासून आमची भागीदारी. ती वेचायची, मी वेचल्यासारखं करायचो. मधेच कोणी चेंडू मारला, की वाकूनच निकाल, "गेला थो."

मागच्या पावसाळ्यात तिची कंबर धरली. सिरोंचाला दिलेली लेक येऊन घेऊन गेली. बसमध्ये चढताना ती मला म्हणाली, "झाड पाहाजो." फोनवर तिची एकच तक्रार असते, "इथी सारे तेलुगू बोलते. भांडाले कोनी नाई." या हंगामात पहिल्या वेचणीतला तिचा वाटा मी वाळवून सिरोंचाच्या गाडीनं पाठवला. दोन दिवसांनी निरोप आला, "अर्धा कचरा हाय."

वरचं वेळापत्रक अजूनही हलतं. यंदाही गोल्फ मंडळाच्या कार्यालयातून फोन आला. तिकडच्या मोठ्या स्पर्धा सरकल्यात, तुम्ही मार्चमध्ये घ्याल का?

"जमणार नाही," मी म्हणालो.

"कारण?"

"त्या दिवसांत माझी फुलं पडतात."

 मग त्यांनी डिसेंबर लिहून घेतला.

परवा पहाटे टोपली घेऊन झाडाखाली वाकलो होतो. मागे कोणा नव्या साहेबांच्या काठीचा आवाज झाला. मान वर न करता माझ्या तोंडून निघून गेलं, "गेला थो." चेंडू माझ्या डोक्यावरून जाऊन हिरवळीवर नीट पडला आणि थांबला. मी बांधाकडे पाहिलं. 'आला परत' म्हणायला तिथं कोणी नव्हतं.