मेंढरांच्या हाकेचं सुवर्णपदक

विद्यापीठाच्या नामांतराचे मोर्चे निघायचे, त्या वर्षांतली गोष्ट. वाळूजच्या आमच्या कारखान्यात रेडिओ सापडला तर घरी बसवीन, अशी सुपरवायझरची तंबी होती. तरी आशियाई स्पर्धेतली आपल्या मुलींची रिले आम्ही मशीन बंद ठेवून, हत्यारांच्या पेटीत लपवलेल्या रेडिओवर ऐकली. शेवटच्या फेरीला आपली पोरगी मागं पडली. तसा पिशोरला मेंढरं राखून आलेला माझा जोडीदार ओरडला, "हुर्र्र! चल माय, चल!" शेडचे पत्रे थरथरले, वेरूळची लेणी हलली. सुपरवायझर धावत आला.

"कोण ओरडलं?"

"मी, साहेब. ती मागं राहिली व्हती."

"आणि आता?"

"पहिली आली!"

साहेबानं आनंदानं आपली टोपीच हवेत उडवली. नोकरी वाचली. हाक त्या पोरीपर्यंत पोचली नाही म्हणणाऱ्यानं सुवर्णपदक कशानं आलं ते सांगावं.