विमानाला सरांचा हात लागला

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट करायचा नसतो, विकत आणायचा असतो, हे मला आमच्या गाइड सरांनीच शिकवलं. पहिल्या भेटीत मी म्हणालो, "सर, आम्हाला छोटं विमान बनवायचंय. हातातून सोडलं की ठरलेल्या वाटेने स्वतःच फिरून परत येणारं."

सरांनी मोबाइलमधून मान वर केली नाही. "रेडीमेड कुठे मिळतं?"

"बनवणार आहोत, सर."

"कशाला?"

हा माणूस आम्हाला कंट्रोल सिस्टिम्स शिकवायचा. म्हणजे कुणाच्या तरी जुन्या स्लाइड्स वाचून दाखवायचा आणि आकृती आली की "हे तुम्ही बघून घ्या" म्हणत पुढे जायचा.

गटात आम्ही चौघं होतो. त्यातल्या दोघांनी "भाई, प्रिंटआउटचं आमच्याकडे" असं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं आणि तेही धड केलं नाही. उरलो मी आणि जवळच्या उमेळे गावची एक मुलगी. आमच्या बोळिंजच्या फ्लॅटमध्ये पंख जोडायला घेतले तेव्हा हॉलमध्ये चालायला जागा उरली नाही आणि आईने आम्हाला सामानासकट बाहेर काढलं. मग काम तिच्या घराच्या ओट्यावर सुरू झालं. समोर तिच्या वडिलांची केळी आणि मोगऱ्याची वाडी, वाडीच्या डोक्यावर नवे टॉवर.

एव्हरशाईन सिटीतल्या एका बोर्ड रंगवणाऱ्याने फोमच्या शीटचे उरलेले तुकडे दिले. पंखात कणा म्हणून तिच्या वडिलांनी बांबू चिरून दिला. मोटर जुनी, आणि विमान चालवणारं छोटं सर्किट कुणाच्या तरी मोडक्या ड्रोनमधून काढलेलं. वायरींना सोल्डरिंगचे डाग द्यायचं काम तिचं, प्रोग्रॅम लिहायचं माझं. रिमोटवर एक खटका होता. तो वर असला की विमान आपलं आपण उडायचं, खाली ओढला की सगळा ताबा रिमोटवाल्याच्या हातात. काही बिघडलं तर वाचवायला म्हणून तो ठेवलेला.

मिठागराजवळच्या मोकळ्या जमिनीवर आम्ही कितीतरी रविवार घालवले. विमान कधी उजवीकडे लोळायचं, कधी चिखलात नाक खुपसायचं. एका सकाळी मात्र ते पूर्ण चक्कर मारून आमच्या डोक्यावर परत आलं. तिने रिमोट जमिनीवर ठेवला आणि दोन्ही हात वर करून नाचली. मी विमान झेलायला चिखलातून धावलो.

ही बातमी कळल्याबरोबर सरांच्या तोंडी "आपलं विमान" हे शब्द आले. कॉलेजच्या टेक फेस्टला पाहुणे येणार होते. सर चकचकीत निळा ब्लेझर घालून मैदानावर आले. विमानाला हार घालायचं त्यांच्या डोक्यात होतं. ती म्हणाली, "हार घातला तर ते उडणार नाही, सर." तेव्हा त्यांनी तो नाइलाजाने पाहुण्यांच्याच गळ्यात घातला.

मी विमान हातातून सोडलं. ते छान चढलं, पहिलं वळण बरोबर घेतलं. लोक टाळ्या वाजवायला लागले तसे सर पुढे झाले आणि त्यांनी तिच्या हातातला रिमोट काढून घेतला.

"सर, कशालाही हात लावू नका. ते स्वतः उडतंय."

"अगं, फोटोपुरतं."

फोटोवाल्याने "सर, जरा ॲक्शनमध्ये" म्हटलं. सरांनी खटका खाली ओढला. रिमोटवरची वेगाची दांडी शून्यावर होती, त्यामुळे मोटर बंद पडली. विमान क्षणभर हवेत तरंगलं आणि कँटीनच्या पत्र्यावर जाऊन आपटलं.

सरांनी रिमोट शांतपणे तिच्या हातात परत दिला आणि माईक घेतला. "विद्यार्थी आहेत, अनुभव कमी पडतो. पण प्रयत्न महत्त्वाचा." पाहुण्यांनी मान डोलावली. त्यांना तर विमान कुठून कुठे गेलं हेसुद्धा दिसलं नसावं. मला सरांचा राग आला नाही. राग यायला समोरचा माणूस निदान आपल्या उंचीचा लागतो.

संध्याकाळी आम्ही तुकडे घेऊन उमेळ्याला गेलो. तिचे वडील मोगऱ्याला पाणी घालत होते. त्यांनी मोडलेला पंख उलटसुलट करून पाहिला.

"पडलं की पाडलं?"

"पाडलं," ती म्हणाली.

"मग परत करा. तुमचं काय चुकलं नाय."

आम्हाला कसेबसे पास होण्यापुरते मार्क मिळाले. दुकानातून स्मार्ट कचरापेटी आणणाऱ्या गटाला पहिलं बक्षीस मिळालं, आणि बक्षीस घेताना ती पेटी उघडली नाही. निकालानंतर आम्ही विमान नव्याने जोडलं आणि मिठागरावर नेलं. ते उडालं. तिचे वडील डोळ्यांवर हात धरून बराच वेळ वर बघत राहिले आणि विमान उतरल्यावर म्हणाले, "अजून एकदा सोडा."

पावसाळ्यानंतर सरांचा तिला फोन आला. तिने स्पीकर चालू केला.

"कॉलेजला कमिटी येतेय. ते विमान लॅबला देऊन टाका."

"उडवून दाखवायचंय का, सर?"

"छे छे. नुसतं ठेवायचं."

"मग थर्माकोलचं करून घ्या ना. कुणाला कळणार आहे?"

मला वाटलं, आता तरी हा माणूस चिडेल. सर खरोखरच्या कौतुकाने म्हणाले, "आयडिया चांगली आहे."

त्यांनी ते करून घेतलं. परवा मार्कशीटच्या कामासाठी कॉलेजात गेलो तेव्हा लॅबमध्ये डोकावलो. छताला नायलॉनच्या दोरीने एक पांढरंशुभ्र विमान टांगलेलं आहे. त्याला मोटर नाही, वायर नाही, आणि पंख उलटे चिकटवले आहेत. खाली पाटी आहे: मार्गदर्शक, आणि पुढे सरांचं पूर्ण नाव.