मधली रेघ

अभयारण्याच्या चौकीवर त्याला सगळे ‘नकाशा’ म्हणत. खराखुरा नकाशाही तिथे भिंतीवर होता, चौकटी आखलेला आणि प्रत्येक चौकटीला आकडा दिलेला. पण नव्या वनरक्षकाला चौकट एकतीस म्हटलं की तो डोकं खाजवायचा, आणि ‘शिंपिणीचं घर’ म्हटलं की नाकासमोर चालू लागायचा. ही नावं नकाशाने शिकवलेली. त्यामुळे नोंदवहीत ‘शिंपिणीच्या माजघरात कोल्हीण व्याली’, ‘शाळेच्या पायरीवर साप, ऊन खात पडलेला’ अशा नोंदी सापडत, आणि वरच्या कार्यालयातली मंडळी त्या वाचून पोट धरून हसत.

हसण्यासारखं त्यात फारसं नव्हतं. तिथे खरंच गाव होतं. नकाशा पाच वर्षांचा असताना तोफांच्या सरावासाठी सैन्याला ती जागा हवी झाली, आणि पंधरा दिवसांनी परत या असं सांगून गाव उठवलं. ते पंधरा दिवस काही संपले नाहीत. सव्वीस वर्षं तोफा चालल्या, मग सैन्यही गेलं, आणि माणसांनी सोडलेल्या जागेत जनावरं राहायला आली. तोफगोळ्यांच्या खड्ड्यांत पाणी साचून तळी झाली, त्यांत बदकं उतरू लागली. शेतांचे बांध गवताखाली जसेच्या तसे राहिले. कुणाच्या तरी परसातलं अंजिराचं झाड अजून फळ धरत होतं, ते वटवाघळं खात. सरकारने कुंपण घालून पाटी लावली, आणि पहिल्याच भरतीत नकाशाने अर्ज केला. आपल्याच गल्लीत गणवेश घालून फिरायची नोकरी जगात किती जणांना मिळते?

त्याच्या घराची एकच भिंत उभी होती. तिच्यावर लाल रंगाच्या तीन रेघा होत्या. वरची ताईची, मधली मधल्या भावाची, सगळ्यांत खालची त्याची. दार रंगवून उरलेल्या रंगात बोट बुडवून ताईनेच उंची मोजायला त्या ओढल्या होत्या. गाव उठलं त्या हिवाळ्यात, गावकऱ्यांना ठेवलेल्या छावणीत, मधला तापाने गेला. त्याचा एकही फोटो नव्हता. त्याचं म्हणून जगात काही उरलं असेल तर ती रेघ.

म्हणून पहाऱ्याच्या मनोऱ्याला दगड हवे झाले आणि ठेकेदाराने जुन्या भिंतींवर डोळा ठेवला, तेव्हा नकाशाचं धाबं दणाणलं. तेव्हाचे साहेब म्हणाले, पडक्या घरांना वाचवणारा नियम नाही, प्राण्यांना वाचवणारा आहे. नकाशा सरळमार्गी माणूस, नोंदीत कधी एक ससा जास्तीचा लिहिला नव्हता. त्या दिवशी मात्र त्याने लिहिलं, ‘माझ्या घरात मोठ्या घुबडांची जोडी, घरटं केलं आहे.’ त्याची नोंद म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, तपासायला कोण जाणार? घराभोवतीची दोनशे पावलांची जागा दर वर्षी विणीचे पाच महिने बंद झाली, घरट्याच्या दगडांना हात लावायला कायमची मनाई झाली आणि ठेकेदार हात हलवत परत गेला. ही मर्दुमकी त्याने ताईला फोनवर सांगितली, तेव्हा ती हसून हसून खोकली. गंमत पुढेच आहे. तिसऱ्या वर्षी त्या घराच्या मागच्या ढिगाऱ्यात घुबडांची जोडी खरोखरच येऊन बसली.

ताई लांबच्या शहरात कपडे शिवत असे. ‘पुढच्या वर्षी येते रे’ हे तिचं ठरलेलं वाक्य. कधी लेकीचं बाळंतपण, कधी मशीन बिघडलेलं. यंदा फोन आला तो वेगळाच. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, जवळचं जे काही दिसतंय ते फार तर दोन महिने.

“मला ती मधली रेघ एकदा बघायचीये,” ताई म्हणाली. “मग गेले डोळे तर गेले.”

विणीचा हंगाम सुरू होऊन महिना झाला होता. अजून चार बाकी.

नव्या साहेब वयाने त्याच्या मुलीएवढ्या, वागायला चांगल्या. त्यांनी त्याला बसायला खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं आणि नोंदवही पुढे सरकवली. “काका, ही नोंद तुमचीच ना?”

“ती खोटी होती, मॅडम,” नकाशा म्हणाला. इतक्या वर्षांनी हे तोंडातून निघालं.

त्यांना ती थट्टा वाटली. “मग आता बसलेली पिल्लं कुणाची?” त्या म्हणाल्या.

ताईला चोरून न्यावं असंही त्याच्या मनात येऊन गेलं. पण आता जवळ माणूस गेला तर घुबडीण पिल्लं टाकून देते, हे त्यानेच नव्या पोरांकडून घोकून घेतलं होतं. स्वतःच्याच हाताने लावलेली कडी त्याला काढता येईना.

तरी ताई आली. हद्दीच्या बाहेरच्या टेकाडावर त्याने तिला घडीच्या खुर्चीवर बसवलं. तिने दुर्बीण डोळ्यांना लावली, बराच वेळ इकडेतिकडे फिरवली आणि परत दिली.

“नुसतं धुकं. तू बघ आणि सांग.”

नकाशाने दुर्बीण लावली. ढिगारा दिसला, त्यावर बसलेली दोन पांढुरकी पिल्लं दिसली. भिंत दिसेना. त्याने दुर्बीण पुसून पुन्हा लावली. हंगाम लागण्याआधी त्याने हात लावून पाहिलेली भिंत मधल्या कुठल्याशा वादळात आडवी झाली होती आणि तिचे दगड गवतात पसरले होते.

“आहे का?” ताईने विचारलं.

“आहे. तिन्ही रेघा आहेत.”

“मधली कुठवर येते?”

त्याला आठवेना. त्याने अंदाजाने आपल्या पट्ट्याच्या जरा वर हात धरला. ताई उठली, चाचपडत त्याच्या हातावर हात ठेवून उभी राहिली. त्याचा हात आधी जरा खाली सरकला, मग पुन्हा वर आला.

“एवढाच होता,” ती म्हणाली. मग हात न काढताच तिने विचारलं, “आणि घुबडं? ती तरी खरी आहेत ना?”

“ती आहेत, ताई.”