चिमटीबाईंनी पास केलेले सहाशे टी-शर्ट

चिमटीबाईंचं खरं नाव बँकेच्या पासबुकात होतं, आणि तिथेच राहिलं होतं. कपड्यांच्या घाऊक बाजारात त्या तोंडावर ‘ताई’ आणि पाठ वळली की ‘चिमटीबाई’. बावीस वर्षांपूर्वी त्या नवऱ्यासाठी एक साधा टी-शर्ट घ्यायला तिथल्या एका दुकानात आल्या होत्या. अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत कापड धरायचं, जरासं चोळायचं, आणि बाजूला सारायचं. असे चौदा टी-शर्ट त्यांनी नाकारले, पंधरावा घेतला. दुसरा दुकानदार असता तर हात जोडून म्हणाला असता, बाई, या आता. पण हे मालक नवे होते. सासऱ्यांचं दुकान गळ्यात पडण्याआधी चष्म्याच्या दुकानात कामाला होते. त्यांनी तिथल्या तिथे विचारलं, नोकरी कराल का?

झालं. तेव्हापासून दुकानाची पद्धत पडली ती पडली. गिरणीचा एजंट टेबलावर नमुने मांडणार, बाई डोळे मिटून चिमटी घेणार आणि म्हणणार, ‘घ्या’ नाहीतर ‘नको’. पुढे चर्चा नाही. मालक कापडाला बोटसुद्धा न लावता चिठ्ठीवर शिक्का मारणार. बाईंनी घेतलेल्या टी-शर्टचा गळा वर्षभरात लोंबला नाही, खांद्याची शिवण उसवली नाही, रंग विटला नाही. बाजारात एवढी एकच गोष्ट लोक वाद न घालता मान्य करत.

आणि सात महिन्यांपूर्वी ही चिमटी गेली.

आधी बोटांना मुंग्या यायच्या. मग एका सकाळी बाईंनी तापलेलं भांडं नुसत्या हाताने उचललं आणि त्यांना पत्ताच नाही. बोटांवर फोड दिसले तेव्हा कळलं. डॉक्टर म्हणाले, मनगटातली शीर दबली आहे, ऑपरेशन करून घ्या, पण स्पर्श पूर्ण परत येईल असं वचन देत नाही. नेमका अंगठा आणि शेजारची दोन बोटं! करंगळीला सगळं कळत होतं, पण करंगळीचा उपयोग काय, कान खाजवायला?

बाईंनी हे नवऱ्याखेरीज कुणाला सांगितलं नाही. सांगून होणार काय होतं? कळतच नाही म्हटल्यावर मालक त्यांना घडी घालायच्या टेबलावर बसवणार, फार तर निरोपाचं घड्याळ हातात देणार. छप्पन्नाव्या वर्षी बाईंकडे त्या चिमटीशिवाय दुसरं होतं तरी काय? मग त्यांनी एक युक्ती काढली. ‘उजेडात बघून येते’ म्हणून त्या नमुने घेऊन मागच्या कोठीत जायच्या, कडी लावायच्या आणि कापड वरच्या ओठावरून फिरवायच्या. ओठाला कळायचं. मग तोंड रुमालाने पुसून बाहेर यायचं, सगळ्यांसमोर खोटी चिमटी घ्यायची आणि म्हणायचं, ‘घ्या’. पण ओठाचा पुरता भरवसा नव्हता. म्हणून पास केलेला नमुना त्या घरी न्यायच्या आणि सुट्टीच्या दिवशी पुन्हा पुन्हा धुऊन बघायच्या. असं पूर्वी कधी लागलं नव्हतं. पाच माल असे पार पडले.

सहावा माल पावाच्या कारखान्याचा. सहाशे पांढरे टी-शर्ट, कामगारांसाठी, रोज गरम पाण्यात धुतले जाणारे. एजंटाने तीन नमुने आणले. कोठीत दुसरा नमुना ओठाला इतका मऊ लागला की बाईंना बरं वाटलं, देवा सुटले एकदाची. बाहेर येऊन म्हणाल्या, घ्या. मालकांनी शिक्का मारला. माल सोमवारी दुपारी निघायचा होता.

रविवारी सकाळपासून बाईंनी तो नमुना कढत पाण्यात पाच वेळा धुतला. शेवटी वाळल्यावर नवऱ्याच्या अंगात घातला. नवरा निवृत्त बसड्रायव्हर, माणूस मिस्कील. तो आरशासमोर उभा राहून म्हणाला, “अगं, हा मला सारखा डावीकडे वळवतोय.”

बाईंनी बघितलं. बगलेखालची शिवण फिरून पोटावर आली होती. गळा सैल पडला होता. कापड खरखरीत झालं होतं, गोणपाट परवडलं. मऊपणा कापडाचा नव्हताच, वरून औषध मारून आणलेला होता, आणि तो धुण्याबरोबर वाहून गेला. असलं कापड चिमटीतून निसटतं. बोटं शाबूत असती तर त्यांना क्षणात कळलं असतं. ओठाला मऊ तेवढं कळतं, निसटणं कळत नाही.

नवरा म्हणाला, गप्प बस. तक्रार यायला दोन महिने लागतील, तोवर म्हणता येईल पाणी फार गरम होतं. बाईंनाही क्षणभर ते पटलं, खोटं कशाला बोला. पण मग दिवसभर त्यांच्या डोळ्यांसमोर सहाशे माणसं पोटावर शिवण घेऊन भट्टीपुढे उभी राहिली. नुसत्या बसून त्या आपली बोटं चोळत राहिल्या, आणि बोटांना तेही कळत नव्हतं.

सोमवारी दुकानाचं शटर अर्धं वर होतं तेवढ्यात बाई आत शिरल्या. मालक एकटेच होते. बाईंनी तो टी-शर्ट टेबलावर पसरला आणि सगळं सांगून टाकलं: शीर, ओठ, कोठीची कडी, पाच माल.

मालकांनी आधी एजंटाला फोन लावून माल थांबवला, त्याची दोन मिनिटं बडबड ऐकली आणि फोन ठेवला. मग खाली बघत म्हणाले, “ओठाचं मला ठाऊक होतं. रुमालाने पुसता, पण कापसाचा तंतू राहतो.”

बाई खुर्चीत बसल्या. “कधीपासून ठाऊक होतं?”

“चार महिने झाले.”

“मग बोलला का नाहीत?”

मालकांनी शिक्का उचलला, पुन्हा ठेवला. “बोललो असतो तर तुम्ही गेला असता. आणि मला कापडातलं काही कळत नाही, बाई. बावीस वर्षांत कधीच कळलं नाही. तुम्ही घ्या म्हणता, मी शिक्का मारतो.”

बाईंना हसावं की रडावं समजेना. सात महिने त्या कोठीत कडी लावून बसल्या होत्या, आणि हा माणूस बाहेर त्यांच्याइतकाच घाबरून बसला होता. राग आला, थोडी दयाही आली. समोर तो वाकडा टी-शर्ट पडलेला, पावाच्या कारखान्याला दहा दिवसांत माल हवा, आणि दुकानात कापड ओळखणारं एकही बोट नाही.

“आता काय करायचं?” मालकांनी विचारलं.

“दोन बादल्या आणा,” बाई म्हणाल्या. “आणि पाणी तापवायची सोय बघा.”

मंगळवारी एजंट नवे नमुने घेऊन हजर झाला. त्याने सवयीने ते टेबलावर मांडले आणि चिमटीची वाट बघत उभा राहिला. बाईंनी तिन्ही टी-शर्ट उचलून त्याच्या देखत कढत पाण्यात बुडवले. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. अहो ताई, नुसती चिमटी घ्या ना, नेहमीसारखी, असं तो गयावया करू लागला. बाईंनी आपली तीन बोटं त्याच्यापुढे धरली.

“ही गेली,” त्या म्हणाल्या, “शनिवारी या.”

त्या आठवड्यात रोज दुपारी मालक आणि बाई गच्चीवर जाऊन दोरीखाली उभे राहत. तीन टी-शर्ट वाऱ्यावर हलत. मालक पहिल्यांदाच कापडाला हात लावत होते, शिवण सरळ आहे का ते खालपासून वरपर्यंत बघत होते, गळा ताणून सोडत होते.

“बाई, हा ठीक वाटतो का?”

“मला नका विचारू. तुमच्या बोटांना काय कळतंय ते सांगा.”